गुलदार समुद्रात बुडवा, पण त्याची गोष्ट बुडवू नका

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण दिवाळीनंतर किंवा डिसेंबरात तुमच्यापैकी बरेच जण मालवण-तारकर्लीला जाणार, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

बातमी तुम्ही वाचली असेल. भारतीय नौदलाचं 'आयएनएस गुलदार' हे जहाज १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं गेलं. सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ ते समुद्राच्या तळाशी ठेवायचं, त्याभोवती प्रवाळ आणि मासे वाढू द्यायचे आणि पर्यटकांनी पाण्याखाली जाऊन ते बघायचं, अशी योजना आहे. केंद्राने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केलेत. जहाज सुमारे ८४ मीटर लांब, पोलंडमध्ये बांधलेलं आणि १९८५ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झालेलं.

बातमीखालच्या कमेंटा वाचल्या. तिकीट किती, पोहता येत नसेल तर चालेल का, पाणबुडी कधी सुरू होणार, सगळं होतं. हे जहाज नेमकं काय काम करायचं, हे मात्र कोणी विचारलेलं दिसलं नाही. गुलदार या नावाचं आणखी एक जहाज याच्या आधी होतं आणि १९७१ च्या युद्धात त्याने काय बघितलं, हे तर कोणाच्या गावीही नव्हतं.

गुलदार म्हणजे बिबट्या. आपल्या यावल-चोपड्याच्या लोकांना बिबट्याची ओळख करून द्यायला नको. या जहाजाची मात्र करून द्यावी लागेल.

हे जहाज तोफा डागणाऱ्या युद्धनौकेसारखं नाही. रणगाडे, ट्रक आणि सैनिक पोटात घालून थेट वाळूच्या किनाऱ्याला नाक लावायचं, पुढचा दरवाजा उघडायचा, रॅम्प खाली टाकायचा आणि सगळं बाहेर काढायचं, हे त्याचं काम. बंदर नको, धक्का नको, क्रेन नको. या जातीतल्या मोठ्या जहाजांना 'लँडिंग शिप टँक' म्हणतात, म्हणजे एलएसटी. गुलदार हे त्यांचं आकाराने लहान भावंड.

ही जात जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौज परत आली, पण जड शस्त्रं, रणगाडे, गाड्या सगळं फ्रान्समध्येच सोडावं लागलं. परत जायचं तर रणगाडे किनाऱ्यावर उतरवणार कसे, हा प्रश्न होता. आधी त्यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या उथळ पाण्यात चालणारी तेलवाहू जहाजं घेऊन त्यांचं नाक कापलं आणि दरवाजे बसवले. मग १९४१ च्या शेवटी अमेरिकेच्या जॉन नीडरमायर नावाच्या अभियंत्याने नवं डिझाइन काढलं. त्यावरून युद्ध संपेपर्यंत हजारावर जहाजं बांधली गेली.

यातली युक्ती साधी आहे. किनाऱ्याला लागायचं तर जहाजाचं बूड सपाट आणि उथळ हवं. पण सपाट बुडाचं जहाज खोल समुद्रात परातीसारखं डोलतं. म्हणून पोटात मोठ्या टाक्या ठेवल्या. समुद्रात असताना त्या पाण्याने भरायच्या, जहाज जड होऊन खाली बसतं. किनारा जवळ आला की पाणी पंपाने बाहेर काढायचं, जहाज वर उचललं जातं. किनाऱ्याला लागण्याआधी मागच्या बाजूने नांगर टाकून द्यायचा आणि काम झालं की त्याची दोरी गुंडाळत स्वतःलाच मागे ओढायचं. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर मागच्या झाडाला दोर बांधून काढतात ना, तसंच.

आपल्या खान्देशासाठी यात एक मजेशीर गोष्ट आहे. ही जहाजं मोठ्या संख्येने बांधली गेली ती समुद्रकाठी नव्हेच. ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी, मक्याच्या शेतांमध्ये उभारलेल्या कारखान्यांत ती बनली. एव्हान्सव्हिल नावाच्या एका गावाने १६७ जहाजं बांधली. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशा शेतकऱ्यांच्या पोरांनी आणि बायांनी वेल्डिंग शिकून जहाजं बनवली आणि ती नदीतून मिसिसिपीमार्गे समुद्रात गेली. आपल्यालाही समुद्र तीनशे किलोमीटर लांब. तापी सुरतेजवळ त्याला मिळते, तेवढाच आपला संबंध असं आपण म्हणतो. पण आपल्या जिल्ह्यातच भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. युद्ध समुद्रावर झालं तरी त्याचं काम मैदानातल्या गावांतही चालतं.

ही जहाजं किती महत्त्वाची होती? युद्धाच्या मधल्या काळात दोस्त राष्ट्रांचे मोठमोठे बेत एलएसटी किती शिल्लक आहेत यावर ठरत होते. अंदमान बेटं जपान्यांकडून घ्यायची ब्रिटिशांची योजना डिसेंबर १९४३ मध्ये रद्द झाली, कारण ही जहाजं युरोपसाठी हवी होती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. आणि शेवटी १९८५ चं आपलं गुलदार निवृत्त झालं तेही पोर्ट ब्लेअरलाच.

आता भारताकडे येऊ.

आपल्या नौदलाचं पहिलं मोठं एलएसटी होतं 'मगर'. मूळचं ब्रिटिश जहाज, नाव सुद्धा नाही, नुसता क्रमांक: एलएसटी ३०११. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधलेलं, म्हणजे जिथे टायटॅनिक बनलं तिथेच. १९४५ मध्ये ते पाण्यात उतरलं तेव्हा युद्ध संपत आलं होतं. १९४७ मध्ये त्याला 'ॲव्हेंजर' नाव मिळालं आणि नंतर ते भारताकडे येऊन 'मगर' झालं. त्यानंतर १९६६ मध्ये पोलंडहून दोन नवी, छोटी जहाजं आली: 'घडियाल' आणि 'गुलदार'. हे पहिलं गुलदार.

१९७१ चं युद्ध आपल्याला कसं आठवतं? ४ डिसेंबरला कराचीवर क्षेपणास्त्र बोटींचा हल्ला. विशाखापट्टणमजवळ बुडालेली 'गाझी'. ९ डिसेंबरला 'खुकरी' आणि तिच्यासोबत जलसमाधी घेणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. बंगालच्या उपसागरात 'विक्रांत'. दरवर्षी ४ आणि १६ डिसेंबरला आपले व्हॉट्सॲप ग्रुप यांनीच भरतात, आणि भरलेच पाहिजेत. पण त्याच युद्धातली एक मोहीम कोणी फॉरवर्ड करत नाही. तिचं नाव 'ऑपरेशन बीव्हर'.

पूर्व पाकिस्तानातली पाकिस्तानी फौज हरत चालली होती. तिने दक्षिणेकडून ब्रह्मदेशात पळून जाऊ नये म्हणून कॉक्स बाजारजवळ समुद्रातून सैन्य उतरवायचं आणि वाट अडवायची, असं ठरलं. तयारीला हाती जेमतेम काही दिवस. तुकडी होती मुख्यतः गुरखा पलटणीची, पहिली बटालियन, तिसरी गुरखा रायफल्स. सोबत बिहार रेजिमेंटचे जवान. त्यांना कलकत्त्याला 'विश्व विजय' या व्यापारी जहाजावर चढवलं. १४ डिसेंबरला भर समुद्रात त्या उंच जहाजावरून त्यांना घडियाल आणि गुलदारवर उतरवलं गेलं. मग कॉक्स बाजारच्या दक्षिणेला, उखियाजवळ किनाऱ्याला लागायचा प्रयत्न झाला.

किनारा सपाट होता. आपल्याला वाटेल, सपाट म्हणजे चांगलंच. पण या जहाजांना ठराविक उतार लागतो. एलएसटीच्या मूळ डिझाइनमध्ये पन्नास फुटाला एक फूट असा उतार धरला होता. त्याहून सपाट किनारा असेल तर जहाजाचं नाक लांबच वाळूला टेकतं आणि पुढे पाणीच पाणी राहतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे वाळूचा दांडा. हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरजच नाही. गिरणेत, तापीत, पांझरेत ज्याने उन्हाळ्यात पाय घातलाय त्याला माहीत आहे. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जावं, पायाखाली घट्ट वाळू लागावी आणि पुढच्याच पावलाला डोह. वाळूउपशाच्या खड्ड्यांनी तर आपल्याकडं किती पोरं घेतली. समुद्रकिनाऱ्यालाही असंच असतं. आधी वाळूचा उंचवटा, त्यामागे खोल घळ, मग किनारा. जहाज उंचवट्याला टेकलं की वरून वाटतं, आलो.

रॅम्प खाली गेला. पाठीवर सामान, हातात शस्त्र अशा अवस्थेत पहिले जवान उतरले. पाणी डोक्यावरून गेलं. दोन गुरखा जवान बुडाले.

डोंगरातली पोरं ती. या कामाचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. किनाऱ्याची आधी नीट पाहणी झाली नव्हती. पुढे कोण उभं आहे, कोणी आहे का, याचीही धड माहिती नव्हती. जहाजांना मागे यावं लागलं आणि शेवटी बहुतेक सैनिक स्थानिक लोकांच्या होड्यांतून किनाऱ्यावर गेले. तोवर १६ तारीख उजाडून ढाक्यात शरणागतीवर सह्याही झाल्या होत्या. ज्यांना अडवायचं ती पाकिस्तानी फौज तिथे नव्हतीच. मुक्तिवाहिनीचे लोक आधीपासून तिथे होते. म्हणजे ते दोघे ज्या शत्रूसाठी पाण्यात उतरले, तो किनाऱ्यावर नव्हताच.

इथे काही जण म्हणतील, एवढं मोठं युद्ध तेरा दिवसांत जिंकलं, नवा देश उभा राहिला आणि तुम्ही दोन माणसं घेऊन बसलात. देशाच्या विजयात खोट काढता.

तसं नाही. आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. आपल्या नौदलाचा त्या काळाचा इतिहास व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी लिहिलाय, 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ'. नौदलाच्याच माणसाने लिहिलेल्या त्या इतिहासात या मोहिमेचं अपयश झाकलेलं नाही. ज्यांनी वर्दी घातली त्यांना हे लिहायला लाज वाटली नाही. लाज वाटते ती आपल्याला, सोफ्यावर बसून फॉरवर्ड करणाऱ्यांना.

दुसऱ्यांनी अशा वेळी काय केलं ते बघा.

नोव्हेंबर १९४३. पॅसिफिक महासागरातलं तारावा. अमेरिकनांचा भरतीचा अंदाज चुकला. बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि जवानांना शेकडो मीटर पाण्यातून गोळीबारात चालत जावं लागलं. तीन दिवसांत हजाराच्या आसपास माणसं गेली. अमेरिकन सरकारने पुढच्या वर्षी मृतदेहांची दृश्यं असलेला माहितीपट लोकांना दाखवू दिला. आणि नौदलाने, उतरण्याआधी पाण्यात शिरून किनारा मोजणारी, अडथळे उडवणारी पाणबुड्यांची पथकं मोठ्या प्रमाणावर तयार केली.

एप्रिल १९४४, इंग्लंडचं स्लॅप्टन. नॉर्मंडीच्या आधीचा सराव चालला होता. रात्री जर्मन बोटी घुसल्या आणि दोन एलएसटी बुडवली. सातशेहून जास्त अमेरिकन गेले. कित्येक जण तर जीवरक्षक पट्टा काखेत न बांधता कमरेला बांधल्यामुळे पाण्यात उलटे होऊन मेले. जहाजांच्या रेडिओच्या लहरीही एकमेकांशी जुळत नव्हत्या. हे त्यांनी लपवलं, वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. पण आतल्या आत चुका सुधारल्या: रेडिओ एक केले, पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं, आणि दीडेक महिन्याने नॉर्मंडीला उतरले. लोकांसमोर मात्र ती गोष्ट यायला फार वर्षं लागली. केन स्मॉल नावाच्या तिथल्या एका हॉटेलवाल्याने १९८४ मध्ये समुद्रातून एक रणगाडा बाहेर काढला आणि किनाऱ्यावर स्मारक म्हणून ठेवला. आज लोक तो बघायला जातात.

आणि मघाचं ते एव्हान्सव्हिल. तिथे नदीकाठी आज 'एलएसटी ३२५' हे जहाज उभं आहे. सिसिली, सालेर्नो आणि नॉर्मंडी, तिन्ही ठिकाणी गेलेलं. युद्धानंतर ते ग्रीसच्या नौदलाकडे होतं. निवृत्त झाल्यावर अमेरिकन म्हाताऱ्या सैनिकांनी, सत्तरी ओलांडलेल्या लोकांनी, ते स्वतः चालवत अटलांटिक पार करून जानेवारी २००१ मध्ये घरी आणलं. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावाने ते सांभाळून ठेवलंय. जहाजाच्या आत जाता येतं, कुठे काय झालं ते ऐकता येतं.

आपणही १९७१ नंतर अगदी शिकलोच नाही असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलंडहून आणखी जहाजं घेतली, त्यातलंच आता निवतीला जाणारं दुसरं गुलदार. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये आपण स्वतः मोठं एलएसटी बांधलं आणि त्याला जुनंच नाव दिलं, 'मगर'. ते १९८७ मध्ये नौदलात आलं. पंधरा रणगाडे आणि पाचशे सैनिक नेण्याची ताकद. युद्ध नसतानाही अशा जहाजांना काम असतं. २००४ च्या सुनामीनंतर अंदमान-निकोबारमध्ये धक्के वाहून गेले होते. अशा वेळी धक्क्याशिवाय माल उतरवणारं जहाज म्हणजे काय, ते कळतं. मे २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत याच मगरने मालदीवहून २०२ भारतीयांना कोचीला आणलं. २०२३ च्या मे महिन्यात तेही निवृत्त झालं. ज्या जातीचं जहाज दोन जवानांना डोहात उतरवून बसलं, त्याच जातीच्या जहाजाने पुढे शेकडो लोकांना सुखरूप घरी आणलं. मधली वाट चुका कबूल करण्याची होती, एवढंच मला म्हणायचंय.

आता हे सगळं जळगाव-धुळ्याच्या लोकांना का सांगतोय?

सकाळी पाच वाजता हायवेवर किंवा गावाबाहेरच्या रस्त्याला जाऊन बघा. थंडी असो, ऊन असो, पोरं पळताना दिसतील. भरतीची तयारी. कोणी अग्निवीर, कोणी पोलीस, कोणी सीआरपीएफ. बाप कापूस वेचतोय नाहीतर केळीच्या बागेत रोजाने जातोय, आणि पोरगं १६०० मीटर किती मिनिटांत होतात ते मोजतंय. ते भरती झालं की आपण मिरवणूक काढतो, डीजे लावतो. वाईट बातमी आली तर अख्खं गाव लोटतं, फलक लागतात. या दोन दिवसांच्या मध्ये त्याला कुठे पाठवतायत, काय शिकवून पाठवतायत, किनारा आधी कोणी मोजलाय का, हे आपण कधी विचारतो?

ते दोन गुरखे धाडसाला कमी पडले नाहीत. रॅम्प पडला आणि ते उतरले. कमी पडली ती तयारी, आणि तयारी ही जवानाची जबाबदारी नसते. ती नकाशासमोर बसणाऱ्यांची असते. शौर्याच्या गोष्टी आपण फक्त जवानाच्या सांगतो, म्हणून वरच्यांना प्रश्न विचारायची सवयच आपल्याला लागत नाही. 'शहीद झाले' या दोन शब्दांखाली कितीतरी टाळता येण्यासारखी मरणं आपण झाकून टाकतो.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. निवतीला गुलदार पाण्याखाली जाईल, छानच. कोकणातल्या पोरांना काम मिळेल, मासे वाढतील, आपल्यासारख्या कोरड्या भागातल्या लोकांना समुद्राच्या आत डोकावता येईल. मी काही त्याच्या विरोधात नाही. पण किनाऱ्यावर, जिथे तिकीट फाडतील तिथे, एक खोली करा. त्यात हे जहाज कसं चालायचं त्याचं मॉडेल ठेवा, आपल्या पोरांना त्या टाक्या आणि मागचा नांगर बघू द्या. मगर, घडियाल आणि पहिल्या गुलदारची हकिकत मराठीत लिहा. आणि त्यात डिसेंबर १९७१ चा उखियाचा किनारा गाळू नका. त्या दोन जवानांचा उल्लेख करा. ते का बुडाले तेही लिहा.

पर्यटन महामंडळाला पत्र आणि ई-मेल पाठवतोय. मसुदा कमेंटमध्ये टाकतो. पटलं तर तुमच्या नावाने तुम्हीही पाठवा. आणि घरात कोणी नौदलात किंवा ७१ च्या लढाईत असेल, तर त्या काकांना, आजोबांना जवळ बसवून एकदा विचारा की काय काय चुकलं होतं. काय जिंकलं ते आपल्याला माहीत आहेच.